एका विशेषणाची कुळकथा

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडील जुनीं माणसें सांगत आलीं. शब्दांची गोष्ट मात्र त्यांनीं या म्हणींत घातली नाहीं, आणि घातली नाहीं हें एका अर्थीं बरेंच झालें. शब्दाचें मूळ शोधण्यासारखा निर्मळ करमणुकीचा उद्योग क्वचितच असेल. त्यास खर्च लागत नाहीं, कोणाचें नुकसान होत नाहीं. पावसाळ्याच्या संध्याकाळीं कोश मांडीवर घेऊन बसलेल्या माणसास जेवणाची हांक दोनदां मारावी लागते, एवढाच काय तो घरच्यांस त्रास. परंतु हाच छंद जेव्हां न्यायासनावर चढून बसतो, आणि मुळांत या शब्दाचा अर्थ असा होता, सबब तुमचा अर्थ चुकीचा, असे निकाल देऊं लागतो, तेव्हां त्या म्हणीची आठवण होते. असा एक निकाल एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरींत एका सुशिक्षित तरुणानें दिला आहे. ज्या शब्दासंबंधीं तो दिला, तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या शब्दाची कुळकथा आणि त्या निकालाची परीक्षा, असा दुहेरी विषय आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

तो शब्द म्हणजे 'नाइस'. इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास हा शब्द आरंभींच भेटतो आणि पुढें जन्मभर त्याची सोबत सुटत नाहीं. घर नाइस, चहा नाइस, हवा नाइस, शेजारी नाइस, मुलीस सांगून आलेलें स्थळही नाइस. स्तुति तर करावयाची आहे, पण विचार करण्यास सवड नाहीं, अशा वेळीं इंग्रज मनुष्य आणि त्याची भाषा शिकलेले आपण या शब्दाकडे धांव घेतों. पण हा त्याचा एकच व्यवहार झाला. न्यायाधीश किंवा तत्त्वज्ञ दोन कल्पनांमधील 'नाइस' भेद दाखवितो, तेव्हां तो भेद गोड आहे असें त्यास म्हणावयाचें नसतें. तो केंसाएवढा सूक्ष्म आहे, असा तेथें अर्थ. मुलानें सतरंजीवर शाई सांडली असतां आई जेव्हां 'नाइस' पराक्रम म्हणते, तेव्हां अर्थ अगदीं उलटा. आणि थंडीच्या दिवसांत खोली 'नाइस अँड वॉर्म' आहे असें कोणी म्हणतो, तेव्हां हा शब्द ऊबेचा केवळ पाठीराखा होऊन उभा राहतो. त्यास स्वतःचा असा अर्थ जवळजवळ उरतच नाहीं. एकाच शब्दानें गोड असावें, सूक्ष्म असावें, उपरोधिक असावें आणि प्रसंगीं रिकामेंही असावें, हा प्रकार कौतुकाचा खरा. पण या चारहि अर्थांहून त्याचा जन्मार्थ अधिक कौतुकाचा आहे.

लॅटिन भाषेंत 'नेस्कियुस' असा एक शब्द होता. त्याचे अवयव दोन. पहिला 'ने', म्हणजे नकार. आपल्या संस्कृतांतील 'न' आणि हा 'ने' हे सख्खे भाऊ. दुसरा अवयव 'स्कीरे', म्हणजे जाणणें, या क्रियापदाचा. दोन्ही मिळून अर्थ झाला न जाणणारा. संस्कृतांत ज्यास अज्ञ म्हणावें आणि मराठींत अजाण, तो. हाच शब्द झिजत झिजत जुन्या फ्रेंच भाषेंत 'नीस' झाला, आणि तेथें त्याचा अर्थ मूर्ख, खुळा असा होता. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो मोठा लोंढा इंग्रजींत शिरला, त्यांत हाही आला. १३०० च्या सुमारास तो इंग्रजी लेखनांत दिसूं लागतो, आणि त्या काळीं एखाद्यास 'नाइस' म्हणणें म्हणजे त्याला मूर्ख म्हणणें होय. इ. स. १४०० मध्यें वारलेल्या चॉसर कवीच्या ग्रंथांतही तो या अर्थानें आढळतो. गमतीची गोष्ट अशी कीं, 'सायन्स' हा शब्दही त्याच 'स्कीरे'पासून निघाला आहे. म्हणजे ज्या शब्दास आपण विज्ञान म्हणून वंदन करितों तो, आणि ज्या शब्दानें आपण चहाची स्तुति करितों तो, हे दोघे एकाच आजाचे नातू ठरतात. एकाच्या वांट्यास ज्ञान आलें आणि दुसऱ्याच्या वांट्यास त्याचा नकार.

मूर्खापासून गोडापर्यंत हा प्रवास झाला कसा? या वाटेचा मधला भाग धुक्यांत आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत या शब्दाचे इतके अर्थ एकाच वेळीं चालूं होते कीं, वाचकाचें डोकें फिरावें. नटवा, उधळ्या, स्वैर वर्तनाचा, असा एक अर्थ. आणि लाजाळू, आंग चोरणारा, असा त्याच्या अगदीं विरुद्ध दुसरा. खाण्यापिण्यांत व कपड्यांत फार चोखंदळ असा तिसरा. बारकाईनें पाहणारा, काटेकोर असा चौथा. शेक्सपियरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकाच्या शेवटच्या अंकांत ज्या पत्रावर सर्व अनर्थ अवलंबून असतो, तें रोमिओस पोंचलेंच नाहीं असें कळतें. तेव्हां तें पत्र 'नाइस' नव्हतें, असें तो वृद्ध धर्मोपदेशक म्हणतो. आजचा वाचक हें वाचून क्षणभर थबकतो. तेथें अर्थ आहे क्षुल्लक. तें पत्र क्षुल्लक नव्हतें, महत्त्वाचें होतें, असें त्या बिचाऱ्यास म्हणावयाचें आहे.

ऑक्सफर्डचा जो मोठा इंग्रजी कोश १८८४ पासून १९२८ पर्यंत भागाभागांनीं प्रसिद्ध झाला, त्याच्या संपादकांनीं या शब्दापाशीं हात टेकल्याचें प्रांजळपणें नमूद केलें आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांतील पुष्कळ उताऱ्यांत लेखकास नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हें सांगणें कठीण आहे, असें ते म्हणतात. शब्दांच्या अर्थांचा छडा लावण्यांत ज्यांचीं आयुष्यें गेलीं, त्यांनीं अशी कबुली द्यावी, यांत त्यांची थोरवीच दिसते. तरी पायऱ्यांचा अंदाज करितां येतो. जो कांहीं जाणत नाहीं तो बुजतो. जो बुजतो तो पाऊल जपून टाकतो. जो जपून टाकतो तो बारकाईनें पाहतो. जो बारकाईनें पाहतो त्याची निवड चोखंदळ होते. आणि चोखंदळ माणसानें निवडलेली वस्तु नाजूक, रुचकर आणि अखेरीस नुसती चांगली ठरते. प्रत्यक्षांत पायऱ्या याच क्रमानें चढल्या गेल्या असें कोणी शपथेवर सांगणार नाहीं. परंतु प्रत्येक पिढी एखादीच पायरी चढली, आणि आपण शब्दाचा अर्थ बदलीत आहों असें त्या पिढींतील कोणासही वाटलें नाहीं, एवढें निश्चित.

डॉक्टर जॉन्सन यांचा विख्यात कोश १७५५ मध्यें निघाला. त्यांत या शब्दाचे जे अर्थ दिले आहेत, त्यांचा रोख सूक्ष्मता, काटेकोरपणा, नाजूकपणा आणि चोखंदळपणा यांकडे आहे. आज ज्या अर्थानें आपण तो दिवसांतून दहा वेळां वापरतों, तो नुसत्या 'चांगला' हा अर्थ जॉन्सनच्या पानांत सांपडत नाहीं. तो घरगुती पत्रांतून आणि दिवाणखान्यांतील बोलण्यांतून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत झपाट्यानें पसरला. कोशकाराच्या परवानगीची वाट शब्द कधींच पाहत नाहींत.

याच रस्त्यावर उलट दिशेनें गेलेला एक शब्द वाचकांस ठाऊक असेलच. 'सिली' म्हणजे आज वेडगळ. जुन्या इंग्रजींत त्याचें जें मूळ रूप होतें त्याचा अर्थ सुखी, धन्य, देवाची कृपा असलेला असा होता. जर्मन भाषेंत त्याचा भाऊबंद 'झेलिग' अद्याप धन्य या अर्थानें नांदत आहे. इंग्लंडांत मात्र धन्य तो निष्पाप झाला, निष्पाप तो बापडा झाला, आणि बापडा तो वेडगळ झाला. म्हणजे 'नाइस' मूर्ख म्हणून निघाला आणि सज्जन होऊन पोंचला. 'सिली' धन्य म्हणून निघाला आणि मूर्ख होऊन पोंचला. 'फाँड' म्हणजे आज प्रेमळ, तो एकदां खुळा होता. 'प्रिटी' म्हणजे आज सुरेख, तो एकदां कावेबाज होता. माणसांच्या घराण्यांत जसे चढउतार असतात, तसे ते शब्दांच्याही घराण्यांत असतात.

आतां त्या निकालाकडे वळूं. जेन ऑस्टेन या लेखिकेची 'नॉर्थँगर अ‍ॅबी' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरांत, बाहेर पडली. पुस्तकावर वर्ष १८१८ असें छापलें आहे. पण लिहिली होती ती फार आधीं. १८०३ मध्यें एका प्रकाशकानें ती अवघ्या दहा पौंडांस विकत घेतली आणि न छापतां ठेवून दिली. १८१६ मध्यें ती परत मिळविण्यांत आली. कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींची थट्टा आणि त्याच मुलींचा कैवार, अशा दोन्ही गोष्टी लेखिकेनें या एकाच पुस्तकांत केल्या आहेत. तिची नायिका कॅथरीन मोरलंड ही खेडेगांवांतील पाद्र्याची सतरा वर्षांची मुलगी. बाथ शहराजवळील बीचन क्लिफ नांवाच्या टेकडीवर ती हेन्री टिल्नी आणि त्याची बहीण एलिनॉर यांच्यासह फिरावयास जाते. बोलण्यांत मिसेस रॅडक्लिफ यांच्या १७९४ सालच्या 'मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' या भयकथेचा विषय निघतो. कॅथरीन त्या पुस्तकावर लुब्ध आहे. तें जगांतील सर्वांत नाइस पुस्तक नव्हे काय, असें ती भाबडेपणानें विचारते. हेन्री उत्तर देतो कीं, नाइस म्हणजे नीटनेटकें असें आपणांस म्हणावयाचें असेल, तर तें बांधणीवर अवलंबून राहील.

कॅथरीन गोंधळते. आपण कांहीं वावगें बोललों नाहीं, पुस्तक नाइस आहे, मग तसें कां म्हणूं नये, एवढेंच तिला सुचतें. मग हेन्रीस स्फुरण चढतें. आजचा दिवस नाइस, हें फिरणें नाइस, तुम्ही दोघी तरुणी नाइस, असा तो त्या शब्दाचा पाढा म्हणतो आणि पुढें निकाल देतो: मुळांत कदाचित् हा शब्द टापटीप, औचित्य, नाजूकपणा आणि सुसंस्कृतपणा एवढ्यांसाठींच योजीत असत, आतां कोणत्याही विषयावरील कोणतीही स्तुति या एकाच शब्दांत कोंबली जाते.

वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, येथें हेन्रीनें दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र बांधल्या आहेत. पहिली तक्रार मुळाची, दुसरी अतिवापराची. पहिलीपुरतें बोलावयाचें तर हेन्री साफ चुकला आहे. त्यानें ज्यास मूळ म्हटलें, तें मूळ नव्हेच. ती वाटेंतली एक धर्मशाळा आहे. खरें मूळ धरावयाचें असतें, तर त्या बिचारीनें युडॉल्फोस जगांतील सर्वांत मूर्ख पुस्तक म्हटलें, असें त्यास म्हणावें लागलें असतें. आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढींत जो अर्थ सभ्य लोकांत रूढ होता, तोच त्यास अनादि वाटला. 'कदाचित्' एवढा शब्द घालण्याची सावधगिरी त्यानें ठेवली, हें त्याच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. परंतु मुळाच्या नांवानें भांडणारे बहुतेक पंडित याच रीतीनें वागतात. ते नदीच्या उगमापर्यंत कधींच जात नाहींत. जो घाट त्यांस आवडतो, तेथें थांबून हाच उगम असें जाहीर करितात.

लेखिकेची मार्मिकता पुढेंच आहे. हेन्रीस उत्तर देण्याचें काम तिनें त्याच्या बहिणीकडे दिलें आहे. एलिनॉर म्हणते कीं, खरें पाहतां हा शब्द तुलाच लागू करावा, आणि तोही स्तुति म्हणून नव्हे. कारण तूं शहाणा असण्यापेक्षां नाइसच अधिक आहेस. येथें नाइस म्हणजे काथ्याकूट करणारा, फाजील चोखंदळ. हेन्रीनें ज्या जुन्या अर्थाची बाजू घेतली, त्याच अर्थाची चपराक बहिणीनें त्यास लगावली. शिवाय शहाणपण आणि नाइसपणा यांना तिनें एकमेकांसमोर उभें केलें आहे. शब्दाच्या जन्मकाळीं त्याचा अर्थच मुळीं शहाणपणाचा अभाव असा होता, हें ऑस्टेनबाईंस ठाऊक असो वा नसो. त्या वाक्यांत पांचशें वर्षांपूर्वींचा अर्थ आपोआप जागा झाल्यासारखा वाटतो. मग एलिनॉर कॅथरीनला सांगते कीं, याला शुद्ध भाषेंत आपले दोष चिंतीत बसूं दे. आपण आपल्यास आवडतील त्या शब्दांनीं युडॉल्फोची स्तुति करूं. आम्हांस हा त्या प्रकरणांतील खरा निकाल वाटतो.

शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. १९२६ मध्यें फौलर या विद्वानाचा इंग्रजी भाषाप्रयोगांवरील सुप्रसिद्ध कोश निघाला. त्यांतही या शब्दावर टीका आहे. हा शब्द स्त्रियांचा फार लाडका झाला, आणि त्यांनीं त्याचें सर्व स्वत्व हरण करून त्यास सौम्य व अस्पष्ट गोडव्याचा एक शिडकावा करून टाकलें, असा त्या टीकेचा आशय आहे. फौलर यांच्याविषयीं आमच्या मनांत आदर आहे. पण येथें त्यांचा न्याय एकतर्फी झाला असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. मूर्खाचा चोखंदळ झाला, चोखंदळाचा सूक्ष्म झाला, तेव्हां हा शब्द विद्वान पुरुषांच्या लेखणींतूनच फिरत होता. त्या स्थित्यंतरांबद्दल कोणीं कोणास जाब विचारला नाहीं. शेवटची पायरी मात्र घरांतल्या बोलण्यांत चढली गेली, आणि लगेच अपराधी सांपडले. टेकडीवरील कॅथरीन आणि कोशांतील त्या अनामिक स्त्रिया यांच्यावर झालेला आरोप एकच आहे: तुम्हांस आनंद झाला खरा, पण तो आमच्या शब्दांनीं कां सांगितला नाहीं?

त्याच फिरण्यांतील पुढचा एक प्रसंग मराठी वाचकानें मुद्दाम वाचण्यासारखा आहे. इतिहासाच्या पुस्तकांविषयीं बोलतां बोलतां, तीं केवळ लहान मुलांना छळण्यासाठीं लिहितात असें वाटे, अशा अर्थाचें कांहीं कॅथरीन बोलून जाते. शिकविण्याऐवजीं छळणें हा शब्द तिच्या तोंडून गेला म्हणून हेन्री पुन्हां तिची थट्टा करितो. या खेपेस ती गोंधळत नाहीं. लहान भावंडांना मुळाक्षरें शिकवितांना आपल्या आईची आणि त्या भावंडांची रोज सकाळीं काय दशा होते हें आपण पाहिलें आहे, आणि तें ज्यानें पाहिलें असेल त्यास शिकविणें आणि छळणें हे शब्द कधीं कधीं समानार्थी आहेत हें पटेल, असें ती सांगते. इंग्रजी वाचक येथें हंसतो. मराठी वाचक हंसतो आणि मग दचकतो. कारण कॅथरीननें जी गोष्ट थट्टेंत सुचविली, ती आपल्या भाषेनें गंभीरपणें करून ठेविली आहे. संस्कृतांत शिक्षा म्हणजे शिकविणें, अध्ययन. वेदाच्या सहा अंगांपैकीं एकाचें नांवच शिक्षा. मराठींत शिक्षा म्हणजे दंड. हा बदल करितांना आपल्या पूर्वजांनीं कोणत्या पंतोजींची छडी डोळ्यांपुढें ठेविली होती, हें सांगावयास कोश नको.

अशीं उदाहरणें आपल्याकडे हवीं तितकीं आहेत. संस्कृतांत राग म्हणजे रंग, आसक्ति, प्रीति; मराठींत राग म्हणजे संताप. चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न; मराठींत ती थट्टा झाली, आणि बंगालींत आजही ती प्रयत्नच आहे. धर्मशास्त्रांत साहस हें एक व्यवहारपद, म्हणजे बळजबरीचा गुन्हा. आज साहसी म्हटलें तर तरुणाची मान ताठ होते. यांपैकीं साहसाची गोष्ट तर हुबेहूब 'नाइस'सारखी आहे. दूषण म्हणून निघालें आणि भूषण होऊन बसलें. आतां कोणी मूळ अर्थाचा आग्रह धरून नवऱ्याच्या रागास प्रीति म्हणूं लागेल, तर घरांतील कोणतीही गृहिणी त्याची समजूत दोन मिनिटांत पालटील.

मग हेन्रीचें कांहींच बरोबर नाहीं काय? त्याची दुसरी तक्रार उरतेच, आणि ती मात्र खरी आहे. जो शब्द दिवसास, चहास, पुस्तकास आणि माणसास सारखाच शोभतो, तो कोणाविषयींच कांहीं सांगत नाहीं. एके काळीं 'नाइस' या एका शब्दांत केवढी बारीक नजर सांठविलेली होती! दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतील भेद ओळखण्याची शक्ति तो सांगत असे. 'नाइस भेद' या जुन्या प्रयोगांत ती आज शिल्लक राहिली आहे, एरवीं ती लोपल्यासारखीच आहे. ही हानि आम्ही नाकबूल करीत नाहीं. भाषेनें एक शब्द मिळविला असें म्हणतांना तिनें एक शब्द गमावला, हेंही म्हटलें पाहिजे. परंतु या हानीचा उगमाशीं कांहीं संबंध नाहीं. शब्द मुळापासून दूर गेला हा दोष नव्हे. तो इतक्या जणांची चाकरी करूं लागला कीं त्याच्या अंगीं कोणाचेंही काम नीट करण्याचें बळ उरलें नाहीं, हा दोष.

आणि त्यावर उपाय कोणता? आमच्या मतें तो त्याच संवादांत, हेन्रीच्याच तोंडीं आहे. नाइस या शब्दावर कीस पाडण्यापूर्वीं थोडा वेळ तो सांगतो कीं, युडॉल्फो हातीं घेतल्यावर आपणांस तें खालीं ठेववेना; दोन दिवसांत संपविलें, आणि सर्व वेळ अंगावर कांटा उभा होता. ही खरी टीका. या बोलण्यांत एकही पारिभाषिक शब्द नाहीं, पण पुस्तकानें वाचकाचें काय केलें हें त्यांत आलें. कॅथरीनही असेंच कांहीं सांगूं शकली असती. कोणत्या पानावर तुझा श्वास अडकला, कोणत्या दारापाशीं तूं थांबलीस, असें तिला विचारलें असतें, तर नाइस या शब्दाच्या मागें दडलेला सगळा आनंद तिनें उघडा केला असता. हेन्रीनें तें विचारलें नाहीं. त्यानें शब्द पकडला आणि आनंद सोडून दिला. सैल शब्द पाहिला कीं टीकाकारानें त्यावर तुटून पडावें, ही चाल सोपी आहे. सैल शब्दाच्या आड घट्ट अनुभव असूं शकतो, हें लक्षांत ठेवून पुढचा प्रश्न विचारणें अवघड.

हें लिहितांना आमचा स्वतःचा एक अपराध आठवतो, तो सांगून टाकणें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं एका नवख्या लेखिकेचें पहिलें पुस्तक आमच्याकडे अभिप्रायासाठीं आलें होतें. तिनें एक संस्कृत शब्द मराठींतील रूढ अर्थानें योजिला होता. आम्हीं कोश काढला, मूळ अर्थ दाखविला, आणि त्या एका शब्दावर अर्धा रकाना भरला. त्या पुस्तकांत एका म्हाताऱ्या आत्याचें चित्र होतें, तें वाचतांना आमचे डोळे पाणावले होते. त्याविषयीं आम्हीं काय लिहिलें? पुस्तक वाचनीय आहे. छपाई सुबक असून बांधणी मजबूत आहे. हेन्री टिल्नीनें थट्टेंत पुस्तकाचें बरेपण बांधणीवर सोंपविलें. आम्हीं तें गंभीरपणें केलें, आणि आमच्या पंथांतील पुष्कळ जण अद्याप करीत असतात. 'वाचनीय', 'संग्राह्य', 'स्तुत्य उपक्रम' हे आमचे 'नाइस' आहेत. कॅथरीनच्या शब्दांत निदान तिचा उत्साह तरी होता. आमच्या शब्दांत तोही नसतो.

तेव्हां शब्दांचीं मुळें शोधूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. अवश्य शोधावींत. मूर्खाचा सज्जन कसा झाला आणि धन्याचा वेडगळ कसा झाला, हें पाहिल्यानें माणसाच्या मनाच्या वाटा दिसतात. आणि आपण ज्यास अनादि समजतों तो अर्थ कालचाच आहे, हें कळून थोडी नम्रताही येते. मात्र उगम पाहून परत आल्यावर गांवाजवळ वाहणाऱ्या पाण्यास खोटें पाणी म्हणूं नये. आपल्या घरांतील मुलगी एखादें पुस्तक मिटून ठेवते आणि "छान आहे हो" असें म्हणते, तेव्हां 'छान' या शब्दाच्या सैलपणावर तिला व्याख्यान देण्याचा मोह आपणां सुशिक्षितांस फार होतो. तो आवरून तिला एवढेंच विचारावें: काय छान आहे ग त्यांत? ती थोडी विचार करील, पुस्तक पुन्हां उघडील, आणि एखादें पान काढून आपल्यापुढें धरील. टीकेस तेथून आरंभ होतो.